आधी हाळी, मग गोफण

प्रिय तात्या,

आज सकाळी माझी फौजेतली काळी पेटी उघडली, म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन येत्या माघात वर्ष होईल. इतके दिवस तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही असं नाही. पण बोलायचं होतं ते एकच, आणि नेमकं तेच तोंडातून निघत नव्हतं.

पेटी उघडली ती आईसाठी. शाळू ज्वारी दाण्यात आलीय, भोरड्या पाखरांनी रान डोक्यावर घेतलंय, आणि तुमच्या मागं आई रोज उजाडलं की रानातल्या माळ्यावर जाऊन बसते. सत्तरीची बाई, पत्र्याचा डबा बडवते! म्हटलं, थंडीची माझी जुनी लोकरीची जर्सी तरी काढून द्यावी. जर्सीखाली माझी निळी टोपी होती, आफ्रिकेतली. आणि टोपीत गुंडाळून ठेवलेली एक नवी कोरी गोफण.

तात्या, हे काय करून ठेवलंत? अंबाडीचा वाख, तीन पेडांची वीण, बोटात घालायचा फास, दगड ठेवायची जाळी, शेवटाला कडाडून वाजणाऱ्या फटकाऱ्याची शेंडी. तुमचाच हात. अख्ख्या येडगावात एवढी घट्ट वीण दुसऱ्या कुणाची नाही. फास बोटात घालून बघितला तर माझ्या बोटाला बरोब्बर बसला. तुमचा नसणार तो, तुमची बोटं माझ्यापेक्षा जाड होती.

म्हणजे ही तुम्ही माझ्यासाठी वळलीत. माझ्याशी बोलणं टाकल्यावर!

बोलणं टाकल्यावर म्हणजे तसं अगदी नाही. 'मोटार चालू केली का', 'लाईट कवा येणार', 'चहा ठेवलाय', एवढं बोलत होता. पण मी रिटायर होऊन घरी आलो त्या पहिल्याच शाळूला आपलं बिनसलं ते बिनसलंच. तुम्ही माळ्यावरून खाली उतरलात, गोफण माझ्यापुढं धरलीत आणि म्हणालात, "घे. तुझा हात माझ्यापरीस बरा हाय. फटकारा आईकू दे जरा, लई वर्सं झाली."

मी हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या तात्या. मी पाखरं बुजवायची चमकी रिबीन आणलीय, ती बांधतो."

शेजारच्या रानातले दोघंतिघं बघत होते. तुम्ही गोफण कमरेला खोचलीत आणि मला ऐकू जाईल असं म्हणालात, "फौजेत ऱ्हाऊन सायेब झाला. पाखरं हाणायची लाज वाटती आता."

मी रिबीन बांधत राहिलो. चार शाळू तसेच गेले, दर साली तुमची गोफण आणि माझी रिबीन. तुम्ही गेलात ते मनात हेच धरून, की पोराला रानाची लाज वाटते. आणि मी तुम्हाला तसंच जाऊ दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. याचं मला वाईट वाटतं तात्या, लई वाईट वाटतं. आज फास बोटात बसला तेव्हा तिथंच पेटीसमोर बसून रडलो. पंचेचाळिशीचा माणूस!

लाज नव्हती वाटत. भीती वाटत होती. कसली, ते आता सांगतो.

त्या देशाचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, तुम्ही आफ्रिकाच म्हणायचात. मीही इथं आफ्रिकाच म्हणतो. आमच्या पलटणीला शांतिसेनेत अकरा महिने तिथं धाडलं होतं. लढाई आमची नव्हती, त्यांची त्यांच्यात होती. एकाच देशाची माणसं, एकच ज्वारी खाणारी. कालपर्यंत एकाच फौजेत असलेले शिपाई दोन बाजूंना वाटले गेले होते. रस्त्यावर पुढं सरकारी शिपायांचा नाका, नदीपलीकडं बंडवाले, आणि मधे आमची छावणी. आमच्या तारेच्या आत गावंच्या गावं पळून आलेली, ताडपत्रीच्या आणि गवताच्या झोपड्या घालून राहिलेली. त्यांना कुणी मारू नये, एवढंच आमचं काम.

तुम्ही फोनवर विचारायचात, "दिसभर काय करतो रं तिथं?" मी म्हणायचो, "काय न्हाई तात्या, निवांत हाय." ते निम्मं खरं होतं. ऐका.

उजाडायच्या आधी अर्धा तास सगळ्यांनी बंदुका घेऊन खंदकात बसायचं, कारण हल्ला होतो तो त्या वेळी असं पुस्तकात आहे. अकरा महिन्यांत त्या वेळी हल्ला एकदाही झाला नाही. डास मात्र रोज आले. मग दाढी, चहा, पराठे. दर सोमवारी मलेरियाची गोळी, आणि आमचे सुभेदार समोर उभं राहून आ करायला लावायचे, गिळली का नाही बघायला. पुढं अंगात जाकीट, डोक्यावर निळं हेल्मेट, दोन तास टॉवरवर पहारा आणि चार तास आराम. आराम म्हणजे पोती भरायची. वाळूची पोती म्हणायचं, पण वाळू कुठली तिथं? आपल्यासारखीच काळी माती. पावसात पोती फुगायची, उन्हात उसवायची, परत भरायची. मी म्हणायचो, कांद्याची पोती भरायचा कंटाळा आला म्हणून भरती झालो, आणि आता हे!

पाऊस लागला की गाड्या बसायच्या. पांढऱ्या रंगाच्या त्या चिलखती गाड्या चिखलात रुतल्या की अख्खा दिवस ओढण्यात जायचा. ट्रॅक्टर फसला तर काय करायचं हे आमच्यात दोघांनाच माहीत होतं, मला आणि एका हरियाणाच्या पोराला. आम्ही चाकाखाली बाभळीच्या फांद्या घातल्या, तर कॅप्टनसाहेबांनी फोटो काढला.

गोळीबार रोज कुठंतरी वाजायचा. पहिले पहिले आम्ही किती वाजले ते मोजायचो. मग लांबचं का जवळचं एवढंच बघायचो. शेवटी शेवटी, व्हॉलीबॉल थांबवायचा का नाही, एवढाच प्रश्न राहिला. आमच्या बंदुकीतून तर एकही गोळी सुटली नाही. तसा हुकूमच होता, आधी इशारा, मग परत इशारा, आणि अगदी गळ्याशी आलं तरच गोळी.

आणि तुम्ही काय केलंत? आठवतंय का कळंबला ताईच्या दिराच्या लग्नातलं? मांडवात कुणीतरी विचारलं, "किती पाडले ओ पोरानं तिकडं?" तर तुम्ही मिशीवरून हात फिरवत म्हणालात, "सांगत न्हाई त्यो. पर आसतील की धा-बारा!" काय हे तात्या! मी पानावरची जिलेबी बघत बसलो होतो. मान वर करायची सोय ठेवली नाहीत.

माझा टॉवर फाटकाशेजारचा. फाटक सकाळी सातला उघडायचं, संध्याकाळी पाचला बंद. आतली माणसं सरपण आणायला, गवत आणायला बाहेर जायची. जाणं धोक्याचं होतं, पण चूल काय हवेवर पेटते का? त्यात एक म्हातारा होता. उंच, काटकुळा, अंगात पांढरा सदरा आणि हातात काळी छत्री, एका बाजूची काडी मोडलेली. ऊन असो नसो, छत्री असायचीच. रोज सकाळी बाहेर पडायचा आणि चारच्या सुमाराला गवताचा भारा डोक्यावर घेऊन परत यायचा. जाताना टॉवरकडं बघून छत्री वर करायचा. मी हात वर करायचो.

त्याचं नाव मला माहीत नव्हतं. भाषा तर मुळीच नाही. मी मनात त्याला पावणं म्हणायचो. "काय पावणं, निघाला का?" आणि चारला, "या पावणं, आला का?" दिवसभरात तेवढंच काय ते घरच्यासारखं होतं. तो आला की माझी ड्यूटी सुफळ झाली असं वाटायचं. कुणीतरी गेलं आणि परत आलं, यासाठीच तर आम्ही तिथं होतो.

पावण्याच्या म्हातारीनं तारेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला ज्वारी केली होती. दोन गुंठं असेल नसेल. पण काय ज्वारी, तात्या! दोन पुरुष उंच. तुम्हाला रविवारच्या फोनवर सांगितलं, तर तुमचा आवाज लगेच बदलला.

"मंग माळा केवढा करत्यात?"

"माळा करत न्हाईत, तात्या. म्हातारी डबा वाजवत उभी ऱ्हाती."

"आरारा! आन गोफण?"

"गोफण न्हाई त्यांच्याकडं."

"मंग तू काय करतोस तिथं? टॉवर हाय म्हणतो ना, त्योच माळा! कर की एखादी गोफण, राख तिची ज्वारी. बंदूक घिऊन नुस्तं बसायचं म्हंजी काय!"

तुम्हीच म्हणालात. तुम्हाला बोल लावत नाही, पण तुम्हीच म्हणालात हे खरं आहे. आणि मी तुम्हाला काही सांगितलं नाही त्याचं मोठं कारणही हेच. कसं सांगणार होतो?

मी केली गोफण. तंबूची दोरी उसवून, तीन पेडांची, तुम्ही शिकवली तशी. पाखरं तिथली भोरडीपेक्षा लहान, लाल चोचीची, पण येतात ती ढगानं. रान काळं होतं. टॉवरवरून मातीची ढेकळं मारायचो. फटकारा नाही, नुसतं ढेकूळ, आवाज न करता. पहाऱ्यावरचा जोडीदार हसायचा, म्हणायचा, "यार, ये कौन सा वेपन है?" म्हातारी खालून बघायची आणि डब्यावर दोनदा ठोकायची, म्हणजे बरं झालं. पावणं एकदा येताना थांबला, माझ्या हाताची नक्कल केली, छत्री गरगर फिरवली आणि पोट धरून हसला. पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "केली का गोफण?" मी म्हणालो, "केली!" तुम्ही किती खूश झाला होता. आईला हाक मारून सांगितलंत, मला ऐकू आलं होतं.

आता ती दुपार.

म्हातारी तापानं पडली होती, त्या दिवशी ज्वारीत कुणी नव्हतं. साडेतीनच्या पुढं पाखरं उतरली. एवढी की कणसं वाकली. ढेकळं मारली, दहा, पंधरा, कशाला हटतात! दोन गुंठं ते, तासाभरात फस्त झालं असतं. आणि माझा हात गरम झाला होता. तुम्हाला माहीत आहे कसा होतो ते. मी जाळी रिकामीच ठेवली, डोक्यावर तीन फेरे दिले आणि फटकारा दिला. असा दिला की तुम्ही रस्त्यापलीकडून शाबासकी दिली असती.

पाखरं उठली. सगळीच्या सगळी उठली.

आणि खाली आमच्या तारेच्या आत हजारो माणसं एका दमात जमिनीवर पालथी पडली. बायांनी पोरं अंगाखाली घेतली. त्या देशात तो आवाज एकाच गोष्टीचा असतो, तात्या. मी उभा, गोफण हातात लोंबतेय, आणि मला एक क्षण कळेचना की हे सगळे का झोपले! मग पुढच्या नाक्यावरच्या शिपायांनी आवाज ऐकला आणि त्यांनी गोळीबार सुरू केला. कुणावर ते त्यांनाही माहीत नसणार. नदीपलीकडून उत्तर आलं. आमच्या फाटकाला आडणा पडला.

पावणं रस्त्यावर होता. फाटकापासून दोनशे पावलांवर, डोक्यावर भारा. मी त्याला बघितलं. फाटकाकडं धावला असता तर आत आला असता, पण आवाज फाटकाकडूनच आला होता ना! त्याच्या लेखी गोळी आमच्याकडूनच सुटली होती. त्यानं भारा टाकला, छत्री टाकली, आणि उलट्या बाजूला, उंच गवतात पळाला. पांढरा सदरा थोडा वेळ दिसला. मी हाक मारली नाही.

वीस मिनिटांनी सगळं शांत झालं. पाच वाजले. पावणं आला नाही.

दुसऱ्या दिवशी आमची गस्त गेली, मीही होतो. भारा तसाच होता. छत्री होती. गवतात लांबपर्यंत बघितलं, रक्त नाही, काही नाही. माणूसच नाही. कुठं गेला, जिवंत राहिला का, दुसऱ्या कुठल्या छावणीत पोचला का, आजपर्यंत मला माहीत नाही. छत्री मीच उचलून आणली आणि म्हातारीला दिली. तिनं छत्रीची मोडकी काडी चाचपली. बोलली असती तरी मला काय कळणार होतं!

गोळीबार झाला त्याच संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी विचारलं होतं, पहिला आवाज कुठून आला. मी सावधान उभा राहून म्हणालो, "साब, रस्त्याच्या बाजूनं." तसंच नोंदवहीत गेलं. जोडीदार फटकाऱ्याच्या वेळी पाणी प्यायला खाली उतरला होता, त्याला पक्कं माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गप्प राहिला. गोफण मी लंगरच्या चुलीत घातली. नायलॉन होतं, लई वास सुटला. आचारी ओरडला.

रविवारी तुमचा फोन. "हटली का रं पाखरं?"

"हटली, तात्या."

म्हातारी ताप उतरल्यावर आठ दिवस फाटकाशी बसली. पाचला फाटक लागलं की उठून जायची. नवव्या दिवशी तिनं ज्वारीच्या मधोमध ती छत्री उघडी करून काठीला बांधली, बुजगावणं म्हणून. वाऱ्यानं हलायची, पाखरं बिचकायची. माझे टॉवरवरचे दोन महिने उरले होते. दोन महिने मी त्या छत्रीसमोर दोन-दोन तास उभा राहिलो. ज्वारी पिकली, म्हातारीनं कापली, आमची पलटण परत आली. विमानतळावर हार घातले. तुम्ही पेढे वाटलेत.

तर हे असं आहे. धा-बारा पाडले म्हणालात, तात्या. मी कुणाला पाडलं नाही. एका माणसाला घालवलं, तेही त्याचीच ज्वारी राखताना, आणि वर खोटं बोललो. म्हणून गोफण हातात घेत नव्हतो. तुमच्या हातातल्या गोफणीचा फटकारा झाला की मी घरात जायचो, मोटारीचं काम काढायचो. तुम्हाला वाटलं नाक मुरडतोय.

दुपारी आईला सगळं सांगितलं. बायकोला सुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, जर्सी अंगात, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. मी बोलत होतो आणि ती भाकरी उलटत होती. मधे एकदा तिनं जाळ कमी केला, बाकी काही नाही. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"हाळी दिली व्हतीस का?"

तुम्ही माझ्या सातव्या-आठव्या वर्षी माळ्यावर पहिल्यांदा चढवलंत तेव्हा गोफण हातात द्यायच्या आधी हाळीच शिकवली होती. "आधी हाळी, मग गोफण. बांधानं कोण चाललंय ते आपल्याला दिसत न्हाई." तळहात तोंडाशी धरायचे आणि चारी दिशांना ओरडायचं, "वाट सोडाऽऽ, गोफण हायऽऽ!" मग थांबायचं, पाच श्वास. कुणाचं उत्तर आलं नाही तरच हात फिरवायचा. इतक्या वर्षांत तुमच्या गोफणीनं बांधावरचं कुत्रंसुद्धा दचकलं नाही.

"न्हाई दिली," मी म्हणालो. "टॉवरवरून वरडायची बंदी व्हती. आन तिथं कुणाला कळणार व्हती आपली हाळी? भाषा येगळी त्यांची."

आईनं तवा खाली उतरवला. "हाळीला भासा कशाला लागती? गुरांना कळती. माणूस वरडतोय म्हणल्यावर मान वर करून बघितलं आसतं त्या बाबानं. तुझ्या हातातली दोरी दिसली आसती." मग म्हणाली, "चुकलास तू. तिथंच चुकलास."

बरं वाटलं, तात्या! खोटं सांगत नाही. 'जाऊ दे बाळा, तुझा काय दोष' असं म्हणाली असती तर मी ताटावरून उठून गेलो असतो. चुकलास, म्हणाली, आणि ताटात भाकरी वाढली.

जेवताना मी विचारलं, "गोफण कवा वळली गं त्यांनी?"

"गेल्या पुसात. आजारी पडायच्या आधी. तू दुपारचा वट्यावर झोपला व्हतास, तवा बोटाचं माप घेतलं सुतळीनं. मला म्हणालं, हलू नगंस, उठंल त्यो. मी म्हणलं, आवो, त्यो फिरवत न्हाई म्हणतोय ना, मंग कशाला? तर म्हणालं, फिरवंल. हात इसरत न्हाई. काय तरी झालंय त्याला तिकडं, सांगंल कवातरी."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं? सायेब झाला, लाज वाटते, हे चारचौघांत बोलायचं होतं, आणि मनात हे? मग विचारलं का नाहीत? एकदा खांद्यावर हात ठेवून विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. नसतंही सांगितलं कदाचित. पण माझं बोट मोजायला तुम्ही माझ्या झोपेची वाट बघितलीत, यावर आता मी कुणाशी भांडू?

आई ताट उचलताना म्हणाली, "भोरड्या ढिगानं आल्यात. माझा हात आता खांद्याच्या वर जात न्हाई. काय करायचं ते तूच ठरीव." आणि निघून गेली. ऊस तुटून गेल्यापासून बिबट्या धरणाच्या बाजूला दिसतोय, तरी ऐकत नाही, एकटीच जाते रानात.

मी ठरवलंय. दोन गोष्टी करणार आहे.

पहिली साहेबांची. तेही आता रिटायर झालेत, दिवाळीला मेसेज येतो त्यांचा. त्यांना फोन करून सांगणार, की त्या दिवशीचा पहिला आवाज रस्त्याच्या बाजूचा नव्हता, माझा होता. नोंदवही आता कुठल्या कपाटात असेल कुणास ठाऊक, आणि म्हातारीपर्यंत तर काहीच पोचायचं नाही. साहेब काय म्हणतील ते म्हणोत. पण खोटं मी त्यांच्या तोंडावर बोललो होतो, खरंही त्यांनाच सांगायला पाहिजे.

दुसरी माळ्याची. उद्या उजाडलं की रिबीन सोडून टाकतो आणि तुमची गोफण घेऊन वर चढतो. तात्या, शब्द देतो, आधी हाळी देईन. ओतूरच्या बाजूला एक, धरणाच्या बाजूला एक, नारायणगावकडं एक, आणि चौथ्या दिशेला जरा जास्त लांब, घसा बसेपर्यंत. "वाट सोडाऽऽ, गोफण हायऽऽ! भिऊ नका पावणं, गोफण हाय नुस्तीऽऽ!" आई खालून ओरडेल, "आरं, बांधावर कोण न्हाई, कुणाला वरडतोयस?"

ओरडू दे तिला. मी पाच श्वास थांबेन.

तुमचा,
दत्तू